भारताचा उठाव नकाशा (थरांचं मॉडेल): उंचीचं प्रमाण किती ठेवायचं, थर कुठे कापायचे?

भूगोलकक्ष:

शाळेच्या भूगोल कक्षासाठी भारताचा त्रिमितीय उठाव नकाशा करायचा आहे. एका प्रदर्शनापुरता नाही, पाच-सात वर्षं टिकेल असा. ३ × ३ फुटी प्लाय आणून ठेवला आहे. आठवी-नववीची मुलं पुठ्ठा कापतील, मोठ्यांची देखरेख असेल.

पहिला बेत साधा होता. शालेय नकाशासंग्रहातल्या प्राकृतिक नकाशात उंचीचे सात रंग आहेत (०-१५०, १५०-३००, ३००-६००, ६००-१३५०, १३५०-३०००, ३०००-६००० आणि त्यावर). प्रत्येक रंगाच्या सीमेवर कापायचं आणि प्रत्येक थर ५ मिमीचा घ्यायचा. पण कागदावर आडवा छेद काढून पाहिला तर बंगळूर हिमालयाच्या निम्म्या उंचीवर येतंय. हे नक्की कशामुळे होतं आणि कसं टाळायचं? बरं, खरं प्रमाण धरलं तर सह्याद्री दिसतच नाही.

शिवाय: सीमेबाहेरचा भाग (नेपाळ, तिबेट) दाखवायचा की नाही? साहित्य कोणतं वापरावं? आणि उंचीच्या रेषा मिळवायच्या कुठून? नकाशासंग्रहातून ट्रेस करून चालतील का?

समोच्च:

गोंधळ रंगांच्या टप्प्यांचा आहे. नकाशासंग्रहातले टप्पे समान नसतात, मुद्दाम नसतात. खाली १५० मीटरला रंग बदलतो, वर ३,००० मीटरला. सपाट कागदावर ते योग्यच, कारण देशाचा बहुतेक भाग हजार मीटरच्या खाली आहे आणि तिथलाच फरक डोळ्याला दिसायला हवा. पण प्रत्येक टप्प्याला तुम्ही सारखीच जाडी दिली की उंचीचं प्रमाण दर थराला बदलतं. पहिल्या थरात ५ मिमी म्हणजे १५० मीटर, शेवटच्या थरात तेच ५ मिमी म्हणजे ३,००० मीटर. बंगळूर (९२० मी.) तीन थर चढून १५ मिमीवर आणि ६,००० मीटरची रेषा ३० मिमीवर. खरं गुणोत्तर १५ टक्के, मॉडेलमध्ये ५०.

नियम एकच: सारख्या मीटरला सारखे मिलिमीटर. टप्पा लहान तर पुठ्ठा पातळ, टप्पा मोठा तर पुठ्ठा जाड.

आता आकडे. देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किमी, पूर्व-पश्चिम २,९३३ किमी. १ : ४०,००,००० प्रमाण घेतलं (१ सेमी = ४० किमी) तर मुख्य भूमी साधारण ८० × ७३ सेमीत बसते. इंदिरा पॉइंट ६°४५′ उत्तरेवर आहे, तो धरला की उंची ८४ सेमीपर्यंत जाते. तुमचा प्लाय ९१ सेमीचा, म्हणजे हेच प्रमाण. याहून मोठं करू नका. सूची बंगालच्या उपसागरात टाका, तिथे भरपूर जागा आहे.

या प्रमाणात उंची न वाढवता कांचनजंगा (८,५८६ मी.) येतं जेमतेम २.१ मिमी, कळसूबाई (१,६४६ मी.) ०.४ मिमी आणि पुणे (५६० मी.) ०.१४ मिमी. एवढा फरक रंगाखालीच बुजून जातो. म्हणून उंची वाढवावीच लागते. माझी शिफारस ५०० मीटरला ३ मिमी. म्हणजे १ सेमी उंचीत साधारण १,६६७ मीटर, वाढ २४ पट. कांचनजंगा ५१ मिमी, कळसूबाई १० मिमी, बंगळूर साडेपाच मिमी.

थर असे:

२५०, ५००, ७५०, १,००० मीटर: प्रत्येकी १.५ मिमी ग्रे बोर्ड (राखाडी जाड पुठ्ठा).
१,५०० ते ४,००० पर्यंत दर ५०० मीटरला: ३ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड), एकूण सहा.
५,००० आणि ६,०००: ३ मिमीचे दोन-दोन तुकडे एकावर एक.

बेरीज ६ + १८ + १२ = ३६ मिमी, ६,००० मीटरला जेवढी हवी तेवढीच. त्याच्या वरचं पुठ्ठ्यातून कापू नका. या प्रमाणात १ मिमी म्हणजे ४ किमी, एकेक शिखर ब्लेडने कापता येत नाही. नंदादेवी, कांचनजंगा वगैरे मोजकी शिखरं एम-सीलने वर काढा आणि उंची टोकदार काडीवर खूण करून तपासा.

दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, किनाऱ्याचा थर. जमीन समुद्रापेक्षा वेगळी दिसावी म्हणून तळाशी देशाच्या आकाराचा एक पुठ्ठा लागतो. त्याची वरची बाजू म्हणजे ० मीटर. तो उंचीत मोजायचा नाही. दुसरी, जाडी. दुकानात '३ मिमी' म्हणून मिळणारा बोर्ड कमी भरू शकतो. दहा तुकडे एकावर एक ठेवून व्हर्नियरने मोजा आणि येईल त्या जाडीवरून सूचीतलं प्रमाण काढा. आधी प्रमाण ठरवून मग बोर्ड शोधत बसू नका.

पठारी:

@समोच्च, थरांची योजना पटली. २४ पट मात्र मला जास्त वाटतं. सिलिगुडी (१२० मीटरच्या आसपास) ते कांचनजंगा हे अंतर साधारण ११३ किमी, मॉडेलवर २.८ सेमी. त्यात उंची ५ सेमी. उतार ६० अंशांचा होतो! मुलांच्या डोक्यात हिमालय म्हणजे उभी भिंत हेच बसतं. टेबलावर ठेवून वरून पाहायचं मॉडेल असेल तर १२ पट पुरे. २५० मीटरला पाऊण मिमीचं कार्ड, ५०० ला १.५ मिमी.

समोच्च:

टेबलावर ठेवायचं असेल तर मान्य. पण १२ पटीत सह्याद्रीचा ९०० मीटरचा कडा २.७ मिमी उरतो आणि त्यावर पायऱ्या बुजवणारा कागदाचा लगदा चढला की तो गेलाच. भिंतीला टेकवून दोन मीटरवरून पाहायचं असेल तर २४ घ्या. काहीही घेतलं तरी "उंची इतक्या पटीने वाढवली आहे" हे मॉडेलवरच ठळक लिहा, सूचीच्या कोपऱ्यात नको.

जीआयएसवाली:

रेषांबद्दल. नकाशासंग्रहातून ट्रेस करू नका. त्यातल्या रेषा त्या असमान टप्प्यांच्याच असतात, ५०० आणि १,००० ची रेषा सापडणारच नाही.

एसआरटीएमची उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेली मोजणी आहे, ३० मीटर आणि ९० मीटर अशा दोन जाळ्यांत (म्हणजे दर तेवढ्या अंतरावर एक उंची). इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोडेम हे उपग्रहावरून केलेलं उंचीचं जाळंही आहे. तुम्हाला दोन्ही गरजेपेक्षा फार बारीक पडतील. ३० मीटरच्या जाळ्यातून काढलेली रेषा इतकी दातेरी येते की मुलांनी कापायची सोय राहत नाही. साधारण १ किमीच्या जाळ्यावर आणा, मग रेषा काढा.

इथे एक सापळा आहे. जाळं मोठं करताना सरासरी घेतली जाते आणि सरासरीत अरुंद कडे दबतात. सह्याद्रीचा माथा खाली येतो, पूर्व घाटातले सुटे डोंगर १,००० च्या थरातून गायब होतात, गिरनार नाहीसा होतो. म्हणून घाट, अरवली, पारसनाथ अशा ठिकाणी मूळ बारीक जाळ्याशी पडताळून हाताने दुरुस्ती करा. गंगेच्या मैदानात काही करायची गरज नाही.

क्रम असा ठेवा. क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर) उतरवून घेतलेले उंचीचे तुकडे जोडा. लगेच प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची पद्धत) बदला, लॅम्बर्ट शंकू घ्या (सॉफ्टवेअरमधला क्रमांक ईपीएसजी ७७५५, भारतासाठीच बेतलेलं आहे, मध्य रेखावृत्त ८०° पूर्व). मग जाळं मोठं करा, मग रेषा काढा, मग रेषांची ४-५ किमीपेक्षा छोटी सुटी वर्तुळं पुसून टाका. प्रक्षेपण शेवटी बदलायचा मोह आवरा. गुगलसारख्या वेब नकाशांचं प्रक्षेपण मर्केटर जातीचं असतं, त्यात ३५° उत्तरेवर लांबी सुमारे २२ टक्के ताणली जाते आणि कन्याकुमारीजवळ जेमतेम १ टक्का. किनारा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाचा आणि डोंगर वेब नकाशावरचे, असं मिसळलंत तर दक्षिण तंतोतंत जुळते आणि काश्मीर चौकटीबाहेर जातं. दोष कुठे आहे ते मग सापडत नाही.

छपाई ३६ इंची प्लॉटरवर. दुकानदाराला 'फिट टू पेज' बंद ठेवायला सांगा. नकाशावर १,००० किमीची पट्टी छापून घ्या, ती बरोबर २५ सेमी भरली पाहिजे. २४.६ भरली तर परत छापून घ्या, कारण पुढचे सगळे थर वेगवेगळ्या दिवशी छापले जातील आणि प्रत्येक छपाई वेगळी आकसलेली असेल. सगळे एकाच दिवशी, एकाच यंत्रावर छापलेले बरे.

प्रत्येक थराच्या कागदावर दोन रेषा हव्यात: ज्यावर कापायचं ती गडद, आणि वरचा थर जिथे बसणार ती फिकट. १,००० च्या पुठ्ठ्यावर १,५०० ची रेषा छापलेली असली की वरचा तुकडा कुठे चिकटवायचा हा प्रश्नच येत नाही. नाहीतर मेघालय-मिकिर टेकड्यांचे तुकडे हमखास उलटसुलट लागतात.

तराईकर:

सीमेबाहेरचं दाखवायचं का, यावर माझं ठाम मत: दाखवाच. फक्त भारताच्या राजकीय आकारात कापलं तर कुमाऊं संपल्यावर हिमालय तुटतो आणि थेट सिक्कीमला परत सुरू होतो. मधले जवळपास ८०० किमी, म्हणजे मॉडेलवर २० सेमी, बिहार-उत्तर प्रदेशच्या डोक्यावर काहीच नाही. घाघरा, गंडक, कोसी कुठून येतात? कोसी दर पावसाळ्यात एवढा गाळ का आणते? अशा मॉडेलवर याचं उत्तर दाखवता येत नाही.

पण सगळा तिबेट घेऊ नका. तो सरासरी ४,५०० मीटरच्या वर, वरचे सगळे थर तिथे पसरतील आणि सनबोर्ड पुरणार नाही. हिमालयाच्या मुख्य माथ्यापासून उत्तरेला १००-१५० किमीची पट्टी (अडीच ते चार सेमी) पुरेशी आहे. ती जिथे कापली तिथला उभा छेद उघडा ठेवा. एका बाजूला तिबेटचा उंच माळ, मध्ये शिखरांची रांग आणि दक्षिणेला एकदम ५० मीटरवरचं पाटणा. हिमालयाची उंची उत्तरेकडून कमी का वाटते ते त्या कडेवर दिसतं.

सीमारेषा मात्र फक्त सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे, रंगकाम झाल्यावर वरून ओढायची. बाह्य सीमा त्या नकाशाशी विसंगत दाखवणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि परदेशी संकेतस्थळांवरच्या फायलींतली सीमा तशीच्या तशी घेतली की चूक होतेच. बाह्यरेखा नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शेजारी देशांचा भाग एका फिक्या राखाडी छटेत ठेवा. उठाव दिसतो, घोळ होत नाही.

मैदानाबद्दल आणखी एक. समोच्च यांच्या योजनेत दिल्ली (२१६ मी.) २५० च्या खाली, म्हणजे दिल्लीपासून कोलकात्यापर्यंत एकही थर नाही. तसं असणं बरोबर आहे. १,३०० किमीत २१६ मीटर उतार, म्हणजे किलोमीटरला जेमतेम १६-१७ सेंटीमीटर. मॉडेलवर ३२ सेमी लांबीत १.३ मिमी. तेवढाच पातळ उतार लगद्याने द्या: दिल्लीला १.३ मिमी, कोलकात्याला शून्य. त्याहून जास्त देऊ नका. अंबाल्याजवळ (सुमारे २७० मी.) सिंधू आणि गंगेची पाणलोटं वेगळी होतात, तिथे मुलं डोंगर शोधतात. तिथे डोंगर नाही, २५० चा एकच थर आहे आणि तोही सपाट. बोटाने दाखवायची हीच जागा.

शिवालिकच्या पायथ्याशी भाबर ८ ते १६ किमी रुंद, मॉडेलवर २ ते ४ मिमी. चाळलेली वाळू फेव्हिकॉलवर भुरभुरून ही पट्टी करा. तिच्या खालून तराईची ओलसर हिरवी रेघ. नद्या भाबरमध्ये दगडगोट्यांखाली गडप होतात आणि तराईत वर येतात, म्हणून छोट्या प्रवाहांची निळी रेघ वाळूच्या पट्टीत तुटक काढा. गंगा, यमुना मात्र अखंड.

डून (शिवालिक आणि त्यामागच्या हिमालयाच्या मधली दरी) विसरू नका. देहरादून ६४० मीटरवर, दक्षिणेला शिवालिकची धार, उत्तरेला मसुरीचा डोंगर. ७५० च्या थरात शिवालिकची एक बारीक चिरोटी सुटी निघते आणि तिच्यामागे ५ मिमीची फट राहते. ती चिरोटी कचरा समजून फेकली जाते.

पठारी:

दक्षिणेचे थर कापताना काय तपासायचं ते लिहितो. सगळी मजा ५०० च्या थरात आहे.

पाठ्यपुस्तकात थळघाट, बोरघाट, पालघाट अशी तीन नावं एका ओळीत येतात, त्यामुळे तिन्ही सारखीच वाटतात. ५०० च्या पुठ्ठ्यावर फरक उघड होतो. इगतपुरी आणि खंडाळा दोन्ही ५०० मीटरच्या वर. घाट म्हणजे तिथे कड्यावरून चढणारी वाट, कडा तुटलेला नाही, म्हणून पुठ्ठाही तुटत नाही. पालघाटला मात्र निलगिरी आणि अण्णामलाईच्या मध्ये साधारण ३० किमीचं भगदाड आहे. पुठ्ठ्यात ७-८ मिमीचं आरपार तोंड दिसलंच पाहिजे. जाळं मोठं करताना ते बुजलं असेल तर हाताने उघडा. २५० चा थर मात्र तिथे पूर्वेला जोडलेला निघेल, त्याला घाबरू नका. कोइंबतूरच ४११ मीटरवर आहे.

पूर्व घाट उलट. ५०० च्या थरात तो रांग म्हणून येतच नाही, तुकडे-तुकडे येतो. गोदावरी पापीकोंडाजवळून, कृष्णा, महानदी आपापल्या जागेवरून तो चिरून जातात. महेंद्रगिरी १,५०१ मीटर आहे, पण तो सुटा उंचवटा. मुलं हे तुकडे जोडून पश्चिम घाटासारखी सलग भिंत करतात, कारण भिंतीवरच्या नकाशात दोन्ही घाटांची नावं सारख्याच लांब अक्षरांत छापलेली असतात.

पठाराचा कल दाखवायला वेगळं काही करावं लागत नाही. महाबळेश्वर १,३०० च्या वर, पुणे ५६०, सोलापूर ४५७, विजयवाडा किनाऱ्याच्या मैदानात. ५०० ची रेषा पुणे आणि सोलापूरच्या मधून जाते. कृष्णा पश्चिम किनाऱ्यापासून जेमतेम ६०-७० किमीवर उगम पावून १,४०० किमी उलट्या दिशेने का जाते, ते या थरांवर पाण्याचा थेंब सोडला की कळतं (आधी व्हार्निश लावा).

नर्मदा आणि तापी मात्र काळजीने. दोन्ही खचदऱ्यांतून पश्चिमेला जातात. २५० च्या रेषेची दोन बोटं पश्चिमेकडून आत घुसलेली दिसायला हवीत, तापीचं बऱ्हाणपूरपर्यंत, नर्मदेचं पुनासाच्या आसपास. (इंदिरासागरची पूर्ण पातळी २६२ मीटर आहे, त्यावरून अंदाज येईल.) दोन बोटांच्या मध्ये सातपुड्याचा पुठ्ठा उभा. ही बोटं आखूड निघाली तर तुमची रेषा जास्त गुळगुळीत झाली आहे. सातपुड्यात धूपगड १,३५० मीटर, मग पूर्वेला मैकल आणि अमरकंटक. नर्मदेचा उगम तिथे १,००० मीटरच्या वर. नर्मदा १,३१२ किमी, तापी ७२४.

कड्याचा पश्चिम उतार: कोकण ४०-५० किमी म्हणजे मॉडेलवर एक ते सव्वा सेमी. त्याच्या पूर्व कडेला २५०, ५००, ७५० च्या तिन्ही रेषा दोन मिलिमीटरच्या आत येतात. इथे प्रत्येक पुठ्ठा रेषेवर स्वतंत्र कापलात तर कडा खाली-वर होते, कधी वरचा थर खालच्याच्या बाहेर लोंबतो. युक्ती अशी की या पट्ट्यात तिन्ही पुठ्ठे थोडे बाहेर ठेवून चिकटवायचे, वाळल्यावर एकत्रच तिरकं पातं लावून छाटायचे. मेघालयाच्या दक्षिण कड्यालाही हेच. चेरापुंजीच्या पठारावरून थेट बांगलादेशच्या मैदानात उतार आहे, सगळ्या रेषा चार-पाच मिमीत. अरबी समुद्राकडून आणि बंगालच्या उपसागराकडून येणारा पाऊस कुठे धडकतो ते दाखवायला याच दोन जागा लागतात.

मेघालय हा द्वीपकल्पाचाच तुकडा आहे. राजमहाल आणि गारो टेकड्यांच्या मध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरलेली फट आहे. म्हणून मेघालयाला छोटा नागपूरचाच रंग-पोत द्या, हिमालयाचा नको.

भूगोलकक्ष:

सगळ्यांचे आभार. २४ पट घेतो, भिंतीलाच टेकवायचं आहे. दोन शंका. काश्मीर खोरं मध्येच पोकळ येतंय, ते तसंच ठेवायचं? आणि पायऱ्या लगद्याने सगळीकडे बुजवायच्या का? प्लाय ६ मिमीचा आहे.

समोच्च:

काश्मीर खोरं पोकळच. श्रीनगर १,५८५ मीटरवर, म्हणून १,५०० चा थर भरीव आणि २,००० च्या थरात साधारण ३४ मिमी लांब, ८ मिमी रुंद लांबट भोक. फक्त ते बंद भोक नाही. झेलम बारामुल्लाच्या घळईतून बाहेर पडते, त्यामुळे वायव्येला एक केसाएवढी चीर हवी. संगणक ती बुजवतो, ब्लेडने उघडा. सतलजची शिपकीची घळई, ब्रह्मपुत्रेचं नामचा बारवाजवळचं वळण, तिथेही ४,००० च्या थरात चीर पाहिजे. नद्या हिमालय आडवा कापून येतात, त्या माथ्यावरून उडी मारत नाहीत. याउलट पँगाँगसारखी लडाखमधली सरोवरं खरोखरच बंद खळगे आहेत, तिथे चीर काढू नका.

लडाख मोकळं सोडू नका. लेह ३,५०० मीटरवर म्हणजे खोऱ्याचा तळच सिमल्यापेक्षा उंच. ३,००० चा थर तिथे जवळजवळ भरीव जातो.

६ मिमी प्लाय चालणार नाही. एका बाजूने ओला लगदा बसला की तो पापडासारखा वळतो. १२ मिमी घ्या, मागे दोन आडव्या पट्ट्या ठोका आणि लगदा लावायच्या आधी दोन्ही बाजूंना रंगाचा एक हात द्या. ग्रे बोर्डही पाणी पितो. चिकटवल्यावर सगळ्या थरांवर पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात देऊन पूर्ण वाळू द्या, मगच लगदा. कुठे थर्माकोल वापरायचा विचार असेल तर सोडा. स्प्रे पेंट लागला की तो विरघळतो आणि पातं लावलं की दाणे सुटतात.

लगदा: वर्तमानपत्र दोन दिवस भिजवून, वाटून, घट्ट पिळून चार भाग, खडूची पूड दोन भाग, फेव्हिकॉल एक भाग. पूड कमी पडली तर आकसून थरांपासून सुटतो. एका वेळी २ मिमीपेक्षा जाड लावू नका. वॉल पुट्टी घाईला बरी वाटते, पण जाड थराला तडे जातात आणि तडे नेमके हिमालयात पडतात, कारण तिथेच पायऱ्या खोल असतात.

सगळीकडे बुजवायचं नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेला नाही, मेघालयाच्या दक्षिणेला नाही. पूर्वेकडच्या पायऱ्या मात्र लांब उतारात मिटवा. पश्चिम महाराष्ट्रात आणखी एक करता येईल: दख्खनचा बेसाल्ट थराथरांनी साचला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेला जाडी दोन किलोमीटरच्याही वर. तिथे पुठ्ठ्याच्या पायऱ्या उघड्या राहिल्या तरी खोटं वाटत नाही. अजिंठा-बालाघाट रांगा मात्र २५० च्या टप्प्यांत नीट पकडल्या जात नाहीत, त्या लगद्याच्या पातळ वातीने वरून काढा.

रंगपेटी:

रंगाआधी एक सूचना. सखल भाग हिरवा आणि उंच भाग तपकिरी ही जी रूढ पद्धत आहे, तिने मुलं हिरव्याचा अर्थ झाडी असा घेतात. जैसलमेर २५० च्या खाली, म्हणजे थरचं वाळवंट गडद हिरवं. कोडगूचे जंगलाने भरलेले डोंगर तपकिरी. मॉडेलमध्ये उंची पुठ्ठ्यानेच दिसते आहे, मग रंगाने तीच परत सांगायची गरज काय? रंग भूरूपासाठी वापरा: गाळाचं मैदान फिकट पिवळसर, बेसाल्ट गडद करडा, द्वीपकल्पाचा जुना ग्रॅनाइट-नाइस तांबूस, हिमालय राखाडी-जांभळा, कायम बर्फ पांढरा. वाळवंटाला बारीक वाळू. टेकड्यांची उंची तिथे देऊ नका, ६० मीटरची वाळूची टेकडी या प्रमाणात ०.३६ मिमी येते. कच्छचं रण पांढुरकं आणि पूर्ण सपाट.

पांढरा सढळ हाताने मारू नका. १,५०० मीटरवर बर्फ नसतो. ५,००० च्या थरापासून वर लावा आणि खाली कोरड्या ब्रशने नुसती धूसर छटा. काराकोरममध्ये जास्त. सियाचीन साधारण ७५ किमी आहे, पावणेदोन-दोन सेमीची पांढरी रेघ येते, तेवढी दाखवा.

बेटं: अंदमान-निकोबारला २५० चे एक-दोन तुकडे पुरतात. सॅडल पीक ७३२ मीटर, त्याला ५०० चा एक दाणा. बॅरन बेट (३५४ मी.) हा देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे, पण कापण्याएवढा मोठा नाही, लाल टाचणी लावा. लक्षद्वीप प्रवाळांचं, समुद्रसपाटीपासून काही मीटरच. तिथे पुठ्ठा नको, निळ्यावर फिकट पांढरे ठिपके. कुट्टनाडचा भाग समुद्रसपाटीखाली आहे, तिथे किनाऱ्याच्या थरालाच आतून हलका खरवडा घ्या.

नद्या सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने, आणि खालून वर नव्हे तर उगमापासून समुद्राकडे ओढा. ब्रश आपोआप उताराच्या खाचेत राहतो. नदी कुठे पुठ्ठा चढताना दिसली तर रंग पुसा आणि आधी तो थर तपासा. वर मॅट व्हार्निश द्या. चकचकीत दिलं तर ट्यूबलाइटच्या उजेडात हिमालय नुसता चमकतो. मॉडेलवर उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून, तिरका पडेल अशी जागा निवडा. समोरून सरळ उजेड पडला तर दख्खनचे दीड-दीड मिमीचे थर दिसत नाहीत.

तराईकर:

नावांच्या चिठ्ठ्या मॉडेलवर चिकटवू नका, पाच-सहा महिन्यांत सुटतात आणि खालचा रंग घेऊन येतात. बारीक टाचण्यांना क्रमांक द्या, सूची बाजूला लावा. टाचणीसाठी ०.८ मिमी ड्रिलने आधी भोक पाडा. सनबोर्डमध्ये ती सरळ शिरते, पण लगद्याच्या कडक कवचातून जाताना टवका उडतो.

जीआयएसवाली:

आणि लगदा लावायच्या आधी, नुसते थर रचलेले असताना, चारही बाजूंनी फोटो काढून छापलेल्या नकाशाशी ताडून पाहा. त्या टप्प्यावर चुकलेला तुकडा पाच मिनिटांत निघतो. लगद्यानंतर छिन्नी लागते.